डावीकडची तिसरी दोरी

पवनी,
९ जानेवारी १९८९

प्रिय चंद्रभान,

"ह्या पोरीच्या हातून गाय सुटते, पन तुटला धागा नाई सुटत," असं बाबा एकदा साऱ्या गल्लीसमोर म्हणाले होते. एकाहत्तर साल असेल, तू दहा वर्षांचा होतास. सकाळी माझ्या हातून सुटलेल्या गायीनं गल्लीत ताणून ठेवलेली, भाताच्या खळीनं ओली असलेली उभ्या धाग्यांची ताणी अर्धी चाटून काढली होती. बाबा दिवसभर तुटलेले धागे जोडत बसले. संध्याकाळी मागावरून उतरलेल्या लुगड्यात मी एक तुटलेला धागा दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा राग हसण्यावर गेला. आई नव्हती, म्हणून तू माझ्या पदराला धरून उभा होतास. त्या दिवसापासून माझ्या हातांवर तुझा जो विश्वास बसला तो आजतागायत.

परवा तुझं कार्ड आलं. बावीस तारखेला, रविवारी, तुमच्या क्लबच्या पाहुण्यांसमोर तू डोंगरावरून उडणार. पंख तोच, दिवाळीत मी तपासून दिलेला. "ताईनं पाह्यलं म्हंजे झालं, असं मी सगळ्यांले सांगतो," असं लिहिलं आहेस. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. मग कार्ड देवाच्या फोटोमागे ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले, पण भाजी करपली.

तो पंख तू पहिल्यांदा आणलास ती गेल्याच्या गेल्या वर्षीची दिवाळी. घरामागच्या मोकळ्या जागेत पसरलास, तेव्हा शेजारच्या गोदावरीबाई धावत आल्या. "कोनाच्या लग्नाचा मांडो होय वो? एवढ्या कापडात तं अख्ख्या गल्लीच्या चोळ्या होतीन!" तू सांगितलंस, याच्या दोऱ्यांना लटकून माणूस डोंगरावरून उडतो. त्या म्हणाल्या, "काहून बाप्पा, एस्टी बंद झाली का?" आपण किती हसलो होतो. पंखाला एक फाट होती. तू आंघोळीला गेलास तेवढ्यात मी तिथे रफू करून टाकलं, इतकं बारीक की तुला जागा सापडेना. आणि तू कपाळाला हात लावलास. सुईच्या प्रत्येक भोकातून हवा जाते, तिथं चिकटपट्टीच लावायची असते, हे मला कोण सांगणार? मी तर त्याला खळ द्यायच्याही बेतात होते, कापड फारच लुळं वाटलं म्हणून. मग तूच शिकवलंस. उन्हात जास्त वेळ ठेवायचा नाही. साबण लावायचा नाही. एकेक कप्पा उजेडासमोर धरून पाहायचा, कापडाला तोंड लावून फुंकायचं, दोऱ्या ओढून पाहायच्या, त्यांच्या मुळाशी असलेली शिवण बघायची. तू एक टोक धरायचास, मी दुसरं. पाठीमागून सकाळचं ऊन यायचं आणि निळा उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडायचा. नोकरी लागल्यापासून तू घरी दोन दिवसांच्या वर राहिला नव्हतास. पंखासाठी आठ-आठ दिवस राहू लागलास. होळीला आलास, दिवाळीला आलास. मला आणखी काय हवं होतं?

इकडची बातमी म्हणजे मला चाळिशी लागली. विणकरांच्या सोसायटीत कापड तपासायला बसते तिथं गेल्या महिन्यात माझ्या हाताखालून गेलेलं एक लुगडं परत आलं. काठाजवळ चार बोटं धागा नव्हता. तिथल्या गीताबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "नजर कोठी ठेवून आल्या वो मालाबाई?" मी हसले. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, हे काही आजचं नाही, वर्ष-दीड वर्ष तरी झालं असेल. चष्मा लावून घरी आले आणि दिवाळीत शिवलेलं माझंच पोलकं काढून पाहिलं. टाके शिवणीवरून उतरून कुठल्या कुठे गेले होते.

आता ऐक. दिवाळीत डावीकडच्या तिसऱ्या दोरीच्या मुळाशी मी नवी शिवण घातली, आठवतं? तू बाहेर गल्लीतल्या ताराचंदशी बोलत होतास. सुईत दोरा जाईना, सहाव्या वेळी गेला. शिवून झाल्यावर त्या जागेवरून बोट फिरवलं तर काहीतरी खरखरलं. दिसलं मात्र नाही. तू आत येऊन म्हणालास, "झालं का वो ताई?" आणि मी म्हटलं, झालं, एकदम पक्कं. दिसत नाही असं सांगितलं असतं तर तू पंख दुसऱ्या कुणाकडे नेला असतास, आणि घरी यायला तुला दुसरं कारण राहिलं नसतं. एवढ्यासाठी मी खोटं बोलले, चंद्रभान. त्या शिवणीला तुझं सगळं वजन लटकतं हे माहीत असून बोलले.

म्हणून हे पत्र. पोचताच ती शिवण उसवून चांगल्या नजरेच्या माणसाकडून नवी घालून घे. तेवढं तू करशील. पण उरलेल्या शिवणींवरूनही माझाच हात फिरलेला आहे आणि त्यांतल्या किती मला दिसल्या होत्या ते मी आज सांगू शकत नाही. तेव्हा रविवारी उडू नकोस. पाहुणे काय म्हणतील, क्लबवाले काय म्हणतील, हे सगळं मी मनात तुझ्याच आवाजात ऐकून घेतलं आहे. बाबांनी आजारपणात तुला थांब म्हटलं होतं तेव्हाही तू थांबला नव्हतास. तरी लिहिते. त्या दिवशी पंख पिशवीतच राहू दे, आणि तू जमिनीवर राहा.

तुझीच,
मालाताई