भानूचं जहाज

१८ एप्रिल १९७६
पेपर तपासून मान गेली. अजून दोन गठ्ठे बाकी. संध्याकाळी नवीन लाकडी जहाज करायला घेतलं. धाकट्या भावानं, भानूनं पाठवलेल्या फोटोवरून, मालवाहू बोट. आधीची तीन, शिडाची, कपाटावर धूळ खातात. शेजारचे वकील दारातूनच, "गुरुजी, परतूरला प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही जहाज करून राह्यले!" दरवेळी हेच. हसलो. हसायचाही कंटाळा आलाय.

२५ एप्रिल
माय आष्टीहून आली. वाळलीय. धाकट्याचं, भानूचं, दिवाळीपासून काही कळलेलं नाही. बोटीवर खलाशी आहे, पत्र उशिरा येतं म्हटलं तर तिला पटत नाही. जेवताना मधेच, "दत्तू, पान्यावर मानूस निजतं कुठं?" तिचा घास तसाच हातात. दाखवतो म्हणालो.

४ मे
सागाच्या पट्ट्या सरेसानं, कातडं-हाडं उकळून केलेल्या खळीनं, चिकटवतोय. सौ. नाकाला पदर लावून फिरते, म्हणते घराला चांभारवाडा केला. वरचं झाकण निघेल असं केलं, आत भानूची खोली, काडेपेटीच्या पुठ्ठ्याची बाज. मायनं डोळा लावून बघितलं.
"एवढीच जागा? पाय कसे पसरतो?"
रात्री तिनं अर्धी भाकरी जास्त खाल्ली. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१३ मे
ऊन असह्य. पट्ट्या सुकून सांध्यांत भेगा पडल्या. भेगा बुजवायची लांबी इथं मिळत नाही, जालन्याला जावं लागणार. माय भेगांवरून बोट फिरवत बसली होती. "सुकलंय रे ते."

१५ मे
जालन्याहून पॅसेंजरनं परत. अंगणात माय हौदाच्या कठड्याला धरून उभी. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक खिळखिळं झालं की आमच्याकडं डोहात टाकतात, लाकूड फुगून सांधे आवळतात. तिनं तेच केलं, जहाज हौदात ठेवलं. सरेस पाण्यात विरघळतो हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं नव्हतं. पट्ट्या सुट्या होऊन तरंगत होत्या. बाज तळाशी.
ओरडणार होतो. तिचं तोंड बघून गिळलं.
"मह्या हातानं बुडवलं म्या त्याला."
ते खेळणं आहे माय, म्हणालो. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

१९ मे
माय जेवत नाही. समजावलं, भानूची बोट लाकडाची नाहीच, अख्खी लोखंडाची, सरेस-बिरेस काही नसतो.
"लोखंड तर आनखीच बुडतं."
भानूच्या बोट कंपनीला तार केलीय, उत्तर नाही. सौ.ला वाटतं मी हे सुरूच करायला नको होतं. मलाही.

२८ मे
त्याच पट्ट्या वाळवून पुन्हा. पाण्यात न सुटणारा डिंक आणला, दोन नळ्यांतला एकत्र कालवायचा. डिंक धरेपर्यंत पट्ट्या दाबून धरायला माय बसते. बोटं दुखली तरी सोडत नाही. शेजारी भाकरी ठेवली तर बसल्या बसल्या खाते. म्हणून मी मुद्दाम सावकाश करतोय. कंबर धरलीय. तारेचं काही नाही.

९ जून
झालं. सोमवारपासून शाळा. माय म्हणाली, "आता पान्यात टाक."
"कशाला? शोभेचं आहे ते."
"टाक. तरतंय का बघू दे मला."
वॉर्निश ओलं आहे म्हणालो. सकाळीच वाळलं होतं. वर्गात पोरांना शकुन-अपशकुन सगळं झूट म्हणून शिकवणारा मी!

१० जून
माय सकाळपासून हौदापाशी. पदर खोचून बसलीय. चहासुद्धा तिथंच, तसाच गार झालेला. सौ. म्हणते, जा, होऊन जाऊ दे एकदाचं. जहाज माझ्या मांडीवर. सांधे तीनदा तपासले, पक्के आहेत. बुडलं तरी त्याचा भानूशी काही संबंध नाही, हेही माहीत आहे.
मायनं दुसऱ्यांदा हाक मारली. उठवत नाही.