भिंगरी भंगारात जाणार नाही

मुरबाड,
९ नोव्हेंबर २००६

श्री. हरेशभावजी यांस वहिनीचा नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. तुमचं पित्त आणि नेहाचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. (गुडघ्यांबद्दल मनापासून विचारते आहे.)

परवा वाशिंदला तुमच्या घरी अक्षदाच्या साखरपुड्यात तुम्ही चारचौघांत म्हणालात, ‘दादानं पाण्याच्या टाक्यांना चाकं लावली! शेड विकली ना, आता ती शेवटची गाडी भंगारवाल्याला द्या.’ ह्यांनी हसून सोडून दिलं. मला ते जमत नाही. (तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले, चुकीचं उत्तर दिसलं की हात लाल पेनाकडे जातो. आणि कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी खोटं ऐकून घ्यायलाही शिकवलं नाही.)

१९९४ साली तुमच्या सख्ख्या भावानं पत्र्याच्या शेडमध्ये फायबरची स्पोर्ट्स कार बनवली. साचा स्वतःचा, इंजिन जुन्या गाडीचं, ‘भिंगरी’ हे नाव मी ठेवलेलं. फायबरमधल्या काचेच्या धाग्यांनी अंगाला अशी खाज सुटायची की आम्हाला खरूज झाल्याचं गावानं ठरवून टाकलं होतं. पहिल्या गाडीच्या पूजेला आमच्या गिरजानं (साच्यावर थर चढवायचं काम तिचं) नारळ चाकापुढे न फोडता थेट बॉनेटवर हाणला. वर म्हणते, ‘दादा म्हनतो घन मारला तरी तुटंल नाय, मंग नारलानं काय व्हतंय?’ बॉनेट दबलं, पुन्हा वर आलं आणि नारळ उडाला तो शेजारी उभ्या तुमच्या नव्याकोऱ्या गाडीच्या टपावर. पोचा कोणाला आला? लोखंडाला! तेव्हापासून तुमचं फायबरशी वाकडं आहे, हे मला ठाऊक आहे.

आठ वर्षांत नऊ गाड्या. एक तर माळशेज चढून जुन्नरच्या डॉक्टरांकडे नांदायला गेली. मग नियम आला, की विक्रीआधी एक गाडी भिंतीवर आपटून दाखवा. वर्षाला जेमतेम एक गाडी बनवणाऱ्यानं भिंतीवर काय आपटावं? डोकं? म्हणून हे फायबरच्या टाक्यांकडे वळले. आधी गाड्या, मग टाक्या. हा क्रम पुन्हा चुकवू नये.

नववी भिंगरी भंगारात जाणार नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. शेड रविवारी रिकामी करून द्यायची आहे. तुमच्या पडवीत कणगीशेजारी साडेबारा फूट जागा मोकळी आहे. साखरपुड्याच्या दिवशी पावलांनी मोजली.

ता. क. दुसरा. पत्र आणणाऱ्या रघूला चहा द्यावा. परत तो एसटीनं येईल. आला आहे भिंगरीतून.