गृहिणीचा ज्ञानकोश, चोवीस खंडांनंतर

२६ फेब्रु. १९८२
पगार झाला. पुस्तकांचे पैसे पुन्हा कापले! दोन वर्षांची बोली होती, दोन वर्षं भरली, डिसेंबरात लेखी कळवलं की पुरे. जानेवारीत कापले तेव्हा म्हटलं, कागद पोचला नसेल. आता काय म्हणू?
आणि कशासाठी? या उसाच्या बेटावर फ्रेंच गृहिणीच्या ज्ञानकोशासाठी. महिन्याला एक जाडजूड खंड. ससा कसा सोलावा, बारा माणसांचं टेबल कसं मांडावं. घरात माणसं दोन, मी आणि आई. एकीला फ्रेंच येत नाही आणि दुसरीला ससा नको.
घेतले ते शांतासाठी. धाकट्या बहिणीच्या लग्नाला आठवडा झाला नव्हता, तिचे थोरले दीर सुरेशभाऊ बॅग घेऊन दारात. नवीन नोकरी, पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच, ताई. नाही कसं म्हणणार? सही केली. पगारातून परस्पर कापायची परवानगी, तीही दिली. मूर्ख बाई.

१ मार्च
ऑफिसातल्या पगार विभागात गेले. खालच्याच मजल्यावर, रोज ज्याच्याबरोबर चहा पिते तो कारकून. म्हणतो, पुस्तक कंपनीने कळवल्याशिवाय आम्ही थांबवू शकत नाही. अरे, पगार माझा, सही माझी! तर हात वर करून, 'कि पू फेर, मादाम?' काय करणार म्हणे. तू काही करू नकोस बाबा, चहा पी.

३ मार्च
जेवणाच्या सुट्टीत पोर्ट लुईला पुस्तक कंपनीत (यापुढे पु. कं., तेवढाच मान पुरे). बाजाराच्या मागे, कापडाच्या दुकानावर दोन खोल्या. काउंटरवर नखं रंगवलेली मुलगी. म्हणे कागद मिळाला, पण नियम असा की बंद करायचं कळवल्यावर जो खंड येईल तो न उघडता, न वापरता परत आणायचा. तोवर चालूच. हा नियम आधी का नाही सांगितला? तर छापलेला आहे म्हणे, सहीच्या मागच्या बाजूला. जानेवारी-फेब्रुवारीचे खंड आईने केव्हाच उघडून कपाटात लावलेत. ठीक. पुढचा येऊ दे.

१३ मार्च
आला. मी बाजारात गेले होते. परत येते तो खोकं फोडलेलं, खंड देव्हाऱ्यासमोर पाटावर, वर हळद-कुंकू आणि जास्वंदीचं फूल.
आईला सकाळी निघताना सांगितलं होतं, पार्सल आलं तर हात लावू नकोस. म्हणते, 'अगो, वाचायला कुठं घेतलंय? नवं पुस्तक घरात आलं, तसंच टाकू व्हय कोपऱ्यात? सरस्वती ती.'
ह्या सरस्वतीला डुकराचं सॉसेज भरता येतं. सांगितलं नाही आईला. रात्रभर झोपली नसती.
ओल्या फडक्याने पुसलं. हळद गेली. कुंकू आणखी पसरलं.

१६ मार्च
मुलीने रंगवलेलं नख बरोबर डागावर ठेवलं. 'सा लीव-ला फिन सेर्वी, मादाम.' वापरलेलं पुस्तक. मी म्हटलं, वापरलं नाही, पुजलंय. तिने खंड माझ्याकडे सरकवला. मागच्या टेबलावरचा माणूस हसला. तो तर आपल्यातलाच होता, कपाळावर गंध लावून बसलेला, त्याच्या घरी काय पूजा न करताच पुस्तकं उघडत असतील? पण पगार पु. कं.चा खातो, म्हणून खाली मान घालून हसला.
खंड परत घेऊन आले. बसमध्ये मांडीवर. इतका जड की पाय बधिर झाले.

३१ मार्च
कापले. लिहिण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, पण ते शब्द लिहायचे नाहीत.

४ एप्रिल, रवि.
प्लेन दे पपायहून शांताच्या सासरचे सगळे जेवायला आले. शांता, तिचा नवरा मोहन, सासूबाई, सुरेशभाऊ. शांता वाळलीय. विचारलं तर म्हणे, उसाची कामं असतात गं ताई. कसली कामं, आत्ता कुठे तोड आहे?
सु. भाऊंना एका बाजूला घेऊन सांगितलं, मला हे बंद करायचंय. इतके गोड हसले. 'ताई, एवढंच ना? मी बघतो. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका.' दोनदा आमटी घेतली. जाताना आईच्या पाया पडले.
बरं वाटलं. उगाच दोन महिने जळत राहिले, आधीच सांगायला हवं होतं.

१७ एप्रिल
पोस्टमनला गेले पंधरा दिवस सांगून ठेवलं होतं. आज त्याने पार्सल रस्त्यावरच माझ्या हातात दिलं. घरात नेलंच नाही. उलट पावली बस, बंद करायच्या आधी पु. कं. गाठली. मुलीने खोकं चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. डाग सापडेना, तेव्हा पोचपावती दिली.
येताना स्वतःसाठी एक मोठं पाकीट बिस्किटं घेतली. झालं. सुटले!

३० एप्रिल
कापले.
कापले, कापले, कापले.

३ मे
अर्धी रजा टाकली. मुलीला म्हटलं, साहेबाला बोलव, नाहीतर मी इथेच बसते, ही बघ बसले. साहेब आला. गोरापान, नम्र, थंड. पोचपावती पाहिली. म्हणाला, होय मादाम, तुमचं आम्ही बंद केलं होतं. मग तुमचा एजंट आला. तुमचा विचार बदललाय, तुम्ही त्याच्या घरच्याच आहात, पुढची दोन वर्षं चालू ठेवायला सांगितलंय, असं म्हणाला.
माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एजंट म्हणजे कोण, हे विचारायचीही गरज नव्हती. गिऱ्हाईक सुटलं की दलाली तुटते, म्हणून 'मी बघतो.' दोनदा आमटी!
साहेब म्हणाला, एजंट खोटं बोलला असं तुम्ही लिहून द्या, आज बंद करतो. आणि त्याचं? 'त्याला अर्थात ठेवता येणार नाही.'
मी पर्स उचलली आणि बाहेर आले. लिहून दिलं नाही.

४ मे
आईला सांगितलं. पहिला प्रश्न, 'आणि शांताचं काय गो?' तोच तर प्रश्न आहे. शांता त्याच घरात राहते. त्याच चुलीवर सगळ्यांचं शिजवते. घरात रोख पगार आणणारे सु. भाऊ एकटे, मोहनचं काम कधी असतं, कधी नसतं. माझ्या चार ओळींनी त्यांची नोकरी गेली, तर घरात कोण कोणाला काय बोलेल, ते इथे बसून ऐकू येतंय मला.

९ मे, रवि.
प्लेन दे पपायला गेले. म्हटलं, तोंडावर बोलू, घरातल्या घरात मिटवू. सु. अंगणात नवी मोबिलेट फटफटी पुसत होता. (यापुढे सु. भाऊ म्हणणार नाही.) म्हटलं, माझ्या नावावर तुम्ही खोटं बोललात. तो फडकं पिळत म्हणाला, 'आयो ताई, घरातली गोष्ट ऑफिसात कशाला न्यायची? महिन्याला तुम्हाला काय जड आहे? सरकारी पगार तुमचा.' मग फडकं दोरीवर टाकलं. 'आणि शांता सुखात आहे ना आमच्याकडे? तुम्हीच विचारा तिला.'
किती शांतपणे म्हणाला! मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. सासूबाईंनी दिलेला चहा प्यायले, छान झालाय म्हटलं. शांता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, सगळं ऐकत. मी तिच्याकडे बघून हसले. लाज वाटते ते हसणं आठवून.

३१ मे
कापले. गिळलं. आईला विचारू दिलं नाही.
खंडही आला. उघडू दे आईला, लावू दे कुंकू. आता काय फरक पडतो?

१२ जून, शनि.
थंडी, इथला हिवाळा लागला. दुपारी फाटक वाजलं. शांता, एकटी. हातात कपड्यांची पिशवी. प्लेन दे पपायहून दोन बस बदलून, कोणाला न सांगता.
आधी पाणीही घेतलं नाही. काल रात्री जेवताना सु. सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, शांताची ताई म्हणजे माझी पेन्शन. सासूबाई हसल्या. मोहनसुद्धा हसला.
मी म्हटलं, अगं तुझ्यासाठीच गप्प बसले. तर ती माझ्यावरच उसळली. आयुष्यात पहिल्यांदा. 'माझ्यासाठी? ताई, ते मला काही बोलले की मी मनात म्हणायचे, ताई आहे, ताई ऐकून घेणार नाही. त्या दिवशी तू आलीस, मला वाटलं आता बोलेल. तू चहा छान झाला म्हणालीस!'
आई मध्ये पडली. शांता तिलाही म्हणाली, 'आये, तू गप ऱ्हा.'
मला राग आला. मग कळलं की राग तिचा येत नाहीये.

१४ जून
दोघी गेलो. साहेबासमोर मी लिहून दिलं, चार ओळी, सही. शांता शेजारी उभी. मी एकदा तिच्याकडे पाहिलं. 'लिही,' म्हणाली. साहेबाने वाचलं, घडी केली, म्हणाला, बंद करतो, पगारात महिनाअखेरीस कळेल. नखं रंगवलेल्या मुलीने दार उघडून धरलं.
घरी आलो तर मोहन फाटकाशी. आत ये म्हटलं, आला नाही. सु.ला दुपारीच पु. कं.तून कळलं होतं, घरात मोठं भांडण झालंय. त्याच्या आईने काय सांगायचं ते बहुतेक त्याला पाठ करून पाठवलं होतं, पण त्याला ते धड बोलता येईना. शेवटी एवढंच विचारलं, शांता, कधी येतेस?
'ताईचा पगार होईपर्यंत इथेच,' शांता म्हणाली. 'कापला नाही तर बघू.'
आणि कापला तर? त्याने विचारलं नाही. मीही नाही. तो सायकल घेऊन गेला, आणि शांता आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.