बाईच्या खिशातलं पेन

१४ जुलै १९५७
पंचायतीत एक बाई पाहिजे म्हणून मला घेतलं. आज पहिली सभा. सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझी पाळी आली तशी सरपंच गुणवंतभाऊंनी पेन खिशात घातलं, अंगठ्याची गादी पुढे सरकवली.
"मले सही येते, भाऊ."
"येत असन. पेनातली शाई सरली. लावा अंगठा."
लावला नाही. गैरहजर लिहिलं. मी समोर बसलेली!
आपलं पेन पाहिजे. घरात नाही, अंगावर.

१६ जुलै
बायकांच्या कपड्याला खिसा नसतो. ह्यांच्या सदऱ्याचा उसवून चोळीला शिवला. खिशाच्या शिवणीत तंबाखूची पूड होती. झटकली नाही.
जाऊबाई म्हणे, "मानसावानी खिसा! लोकं का म्हनतीन?"
म्हणू दे.

२१ जुलै
चामोर्शीच्या बाजारातून शाईची पेन्सिल आणली. स्वस्त. गळत नाही. बोथटली की विळ्यानं तासायची. फक्त जिभेवर ओली केल्याशिवाय ठळक उठत नाही.

२५ जुलै
लिहिता लिहिता ओठ जांभळे झाले, ध्यानातच नाही. तशीच विहिरीवर गेले.
"काऊन वो बाई, पान खाल्लं का? कोनं देलं?" आणि हसणं.
मोकळ्या कपाळाच्या बाईचे ओठ रंगलेले दिसले म्हणजे काय बोलतात, ते मला ठाऊक आहे. घरी येऊन राखेनं घासू लागले. मग थांबले. भरलेली घागर वांग्यांना ओतली आणि तेच ओठ घेऊन परत पाण्याला गेले.
पेन्सिल मात्र नको. घामानं चोळीही जांभळी करते.

४ ऑगस्ट
कोंबडा विकला. दुकानदारानं पेनं काढली.
"पोरासाठी घ्याचं का, बाई?"
"माह्यासाठी."
मग जरा बघितलं त्यानं. एक सोनेरी टोपणाचं, ओढून काढायचं. एक नवीन, गोळीचं. शाई भरायला नको, पण महाग, आणि कचेरीत चालत नाही म्हणे. एक काळं, जाड, पेचाच्या टोपणाचं, वरून थेंब थेंब शाई भरायचं. सोनेरी खिशात लावून तिथंच वाकले, धानाची रोपं लावताना, रोवणीला, वाकतो तशी. टोपण खिशात राहिलं, पेन जमिनीवर.
"पेन घ्याले आल्या का रोवणा कराले?"
"रोवणा करूनच सही कराची हाये मले."
काळं वाकूनही पडलं नाही. तेच घेतलं. चापही घट्ट आहे.

१३ ऑगस्ट
रोवणी. दुपारून बघते तर छातीवर हा मोठा निळा डाग. जाऊबाई चिखलात उभी राहून हसली. "काढून ठेव आता तरी."
नाही काढणार.

१७ ऑगस्ट
कळलं. भरलेलं असलं की गळत नाही. अर्धं रिकामं झालं की अंगाच्या उबेनं शाई बाहेर येते. म्हणून रोज सकाळी भरायचं, उभंच ठेवायचं.
हे असते तर आधी हसले असते, मग शाईची पुडी आणली असती. बायकोला वाचता येतं असं चारचौघांत कधी म्हणाले नाहीत. पण बाजारातून गूळ आणला की पुड्याचा कागद फाटू द्यायचे नाहीत. त्या कागदांवरच तर शिकले मी. तीन वर्षं झाली, गूळ मीच आणते.

२९ सप्टेंबर
सभा. तलावाच्या पाण्याचा ठराव. वरच्या बांध्या, म्हणजे सरपंचांच्या घरची धानाची शेतं, आधी पुरत्या भिजतील. मग उरेल ते खाली. खाली आम्ही.
"बाई, आज आनलं ना पेन?" सगळे हसले.
काढलं. पेच फिरवून टोपण उघडलं. ठराव स्वतः वाचला, बोट न फिरवता. टोपण परत लावलं.
"का झालं? शाई सरली?"
"शाई भरून हाये, भाऊ. सही नाई देत याले."
 गुणवंतभाऊंचा हात गादीकडे गेला, मग मागे आला.

३ ऑक्टोबर
निरोप आला, एका सहीवाचून ठराव अडला, उद्या पुन्हा सभा. धान पोटरीत आहे, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, पाणी थांबून चालायचं नाही. आज खालच्या बांध्यांतली दोन माणसं दारावरून न बोलता गेली. जाऊबाईच्या बांध्याही खालीच.
"उद्या करशीन का सही?"
"का लिहितेत ते पाहून."
 जाऊबाईनं माझी चोळी धुऊन आणली. डाग गेला नाही. खिशाची एक कड सुटली होती, ती तिनं दुहेरी दोऱ्यानं शिवून दिली.
पेन काठोकाठ भरलं.