मोहाखालचा कोपरा

ठाणे

चिरंजीव सुदेश, आईचा आशीर्वाद.

तुझी लेक वर्षाली आणि तिची पोर खुशाल आहेत. पोर तुझ्यासारखीच भोकाड पसरते. इथं नळाला पाणी येतं, माझी काळजी करू नको. तुझा खोकला गेला का?

मोखाड्याला घरासाठी जागा घेतोस, तिचा फोटो वर्षालीने मोबाईलवर दाखवला. जागा चांगली आहे. दलालाला सारखा चहा पाजू नको, डोक्यावर बसेल.

फोनवर ओली बाळंतीण ऐकते, म्हणून हे लिहिते. फोटोत मागे मोहाचं झाड आहे. त्याच्याखाली तुझा थोरला भाऊ पुरला आहे. बारसंही झालं नव्हतं. तुझा बाप वीटभट्टीवर होता. आपल्याला जमीन कुठली? जमीनमालकाच्या पाया पडले, तेव्हा त्याने पडीकातला तो कोपरा दिला. मी वर दगड रचले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच भाताच्या मळणीला गेले.

मी भुतांना भीत नाही, भुतांनी मला भ्यावं. पण फोटो बघितल्यापासून पोर रडली की माझी चोळी ओली झाल्यासारखी वाटते. हात लावते, तर कोरडी. सत्तरीत हे काय सोंग!

पाया खणायला जेसीबी येईल, त्याला मोहाकडे जाऊ देऊ नको. घर लहान झालं तर होऊ दे. जागा मात्र सोडू नको. उद्या कोणी बंगलेवाला घेईल, तो थोडाच विचारणार आहे? कागदावर तुझं नाव चढलं की तुझ्या भावाला तिथून कोणी उठवणार नाही.

सुनेला, प्रेमाला सांगू नको म्हणणार होते. पण अंगण तीच झाडणार. सांग तिला.

तुझी आई,
सोनी