कुलपाचा आवाज

सौ. रतन हिला बोटीवरून साईनाथचा नमस्कार.

मी मजेत आहे. बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली का? गुडघ्याला जप, बाळकुम नाक्यापर्यंतही रिक्षाच कर.

इथे आता कंटेनर उचलणं, रचणं सगळं मशीन करतं. एकावर एक रचलेले कंटेनर जोडणारं कुलूप नीट बसलं की नाही, ते मात्र आवाजावरून मलाच कळतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. कॅप्टन म्हणतो, "सगळं लिहून दे, मशीनला शिकवू." मग माझं काय काम? वहीत सगळं लिहिलं, पण चार दिवस ती लपवून फिरत होतो.

आज सहाव्या थरावरचं एक कुलूप अर्धवट बसलं, तरी मशीनचा दिवा हिरवाच. खाली तिघे जण होते. मी ओरडलो, म्हणून वाचले.

आत्ताच वही देऊन आलो. बहुतेक लवकर घरी येईन. दिवसभर तुझ्या मागे मागे फिरलो तर ओरडू नकोस.

तुझाच,
साईनाथ