सुजेचा आकडा

मंगळवार, १४ तारीख

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास हे ताईकडून कळलं. मी बरी आहे. जिना एका दमात चढायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, म्हणून मधल्या वळणावर खुर्ची ठेवलीय. तिचा मोडका पाय घड्याळजींनी बसवून दिला. घड्याळं दुरुस्त करणारे ते घड्याळजी म्हणजे माझा नवरा. तुझ्या कालच्या निरोपात ‘त्या गृहस्थांना औषधं वेळेवर द्यायला सांग’ असं होतं, म्हणून आठवण करून देते.

दवाखान्यात तू त्यांना काका म्हणायचास. माझ्या या दुसऱ्या लग्नाला आठ वर्षं झाली, पण तोवर तू त्यांच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतंस. आणि मला हार्ट अटॅक आल्यावर बाहेरच्या बाकावर दोघांनी एक कप चहा अर्धा अर्धा घेतलात. मी काचेतून पाहिलं. वाटलं, एवढ्यासाठी छातीत कळ आली असेल तर येऊ दे.

ही सगळी रक्तातल्या सुजेच्या त्या आकड्याची कृपा, ते मला कळतं. डॉक्टरीणबाई तुझ्याशी हळू बोलत होत्या, पण पडद्यामागे मी जागी होते. ‘‘अटॅकनंतर रक्तात सूज दिसतेच, पण दोन-तीन दिवसांनी उतरायला लागते. आईंची चढतेच आहे. अशा पेशंटला पुढे धोका जास्त. मनाची तयारी ठेवा.’’

तू ठेवलीस. माझे पाय चेपलेस. ‘‘आई, झालं गेलं विसर,’’ म्हणालास. रोज रिपोर्ट वाईट यायचा आणि तू काकांसाठीही डबा आणायचास. आकडा चढेल तसतसा तू माझा होत होतास.

आता लिहूनच टाकते. माझी खालची दाढ सडली होती, आधीपासून ठणकत होती. सूज तिथलीही असेल एवढी अक्कल मला होती, मी काही दुधखुळी नाही. बाईंनी विचारलं, ‘‘आणखी कुठे दुखतंय?’’ तू उशाशी होतास. मी म्हणाले, ‘‘छे हो, कुठेच नाही.’’

बोलले ते घड्याळजी. ‘‘ही डाव्या बाजूनं घास घेत नाही. तोंड बघा तिचं.’’ दंतवैद्य आला, पू निघाला, आकडा उतरू लागला. ‘‘उगाच घाबरलो,’’ म्हणून तू हसलास आणि त्याच संध्याकाळी तिकीट काढलंस. जाताना त्यांना ‘येतो’ म्हणायचंही तुझ्या जिवावर आलं.

मी त्यांच्यावरच उखडले. ‘‘कशाला तोंड उघडलंत? अजून चार दिवस राहिला असता!’’ ते चष्मा पुसत म्हणाले, ‘‘मला काका म्हणणारं कुणी नसलं तरी चालेल. तू नसलीस तर चालणार नाही.’’

हे तुझे ‘गृहस्थ’.

तू गेलास याचा राग नाही. मी मरणार म्हणून माया केलीस आणि जगले तेव्हा ती बॅगेत भरून परत नेलीस, याचा आहे.

काल पुन्हा रक्त तपासलं. आकडा अगदी नॉर्मल आलाय. तेव्हा यायची काही गरज नाही.

तुझी,
अजून जिवंत असलेली
आई